खड्डा एका रात्रीत पडत नाही

पावसाळा आला की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास उगवतात. एक कुत्र्याच्या छत्र्या आणि दुसऱ्या खड्ड्यांच्या बातम्या. पहिल्या मोठ्या सरीनंतर वर्तमानपत्रांत पाण्याने भरलेल्या खड्ड्यांची छायाचित्रे येतात. कुणी त्यांत भाताची रोपे लावून निषेध नोंदवतो, कुणी कागदी होड्या सोडतो. अधिकारी पाहणी करतात आणि गणपतीपूर्वी सारे खड्डे बुजवले जातील, असे आश्वासन मिळते. गणपती येतात, हादरे सोसत मांडवात बसतात आणि तसेच हादरे सोसत विसर्जनाला जातात. दिवाळीच्या सुमारास रस्त्यावर नवा काळा थर चढतो. तो छान दिसतो. आपण सारे विसरतो, ते थेट पुढच्या मृगापर्यंत.

या वार्षिक सोहळ्यात एक साधा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. खड्डा पडतो म्हणजे नेमके काय होते? काल धड असलेला रस्ता आज अचानक फाटतो काय? कंत्राटदाराने पैसे खाल्ले, असे म्हणून आपण मोकळे होतो. खात्याचे लोक पाऊस फार झाला म्हणून मोकळे होतात. दोन्ही उत्तरांत थोडे थोडे तथ्य असेलही; पण दोन्ही उत्तरे आळशी आहेत.

हा आळस माझ्यातही होता. काही वर्षांपूर्वी एका पावसाळी संध्याकाळी पत्नीला मागे बसवून स्कूटरवरून घरी येत होतो. पाण्याने भरलेल्या एका खळग्यात पुढचे चाक गेले. वेग ताशी वीस किलोमीटरसुद्धा नसेल. मला नुसते खरचटले, तिचे मनगट मोडले. मागून बस येत नव्हती, हे आमचे भाग्य. सहा आठवडे तिचा हात प्लॅस्टरमध्ये होता. त्या सहा आठवड्यांत मी पोळ्या लाटायला शिकलो आणि रस्त्यांविषयीही थोडेफार शिकलो. पोळ्यांचे नकाशे अजून सुधारलेले नाहीत. रस्त्यांचे काय कळले ते सांगावे म्हणून हा लेख.

आमच्याच सोसायटीत सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंते राहतात. त्यांच्यापाशी मी पुष्कळ तणतणलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘‘साहेब, तुम्ही बँकेत होतात ना? एखादे कर्जखाते बुडते ते काय एका दिवसात? आधी एक हप्ता चुकतो, मग दुसरा चुकतो. खड्डा म्हणजे बुडालेले खाते. तुम्ही खाते बुडाल्यावर ओरडता आहात. पहिला हप्ता कधी चुकला, ते बघायला शिका.’’

दुसऱ्या दिवसापासून आमचा सकाळचा फेरफटका म्हणजे रस्त्याचा तास होऊन बसला. आजवर मी मान वर करून चालत असे, आता खाली घालून चालू लागलो.

पहिला धडा असा की, रस्ता म्हणजे वरचा काळा पापुद्रा नव्हे. रस्ता घरासारखा असतो. तळाला जमीन, तिच्यावर मुरमाचा थर, त्यावर जाड खडीचे थर, त्यावर डांबर घातलेल्या खडीचा थर आणि सर्वांत वर पातळ डांबरी पृष्ठभाग. चाकाचा भार वरून खाली पसरत पसरत जमिनीपर्यंत पोचतो. वरच्या थराचे काम भार सोसण्याचे तर आहेच, पण छपराचेही आहे. खालच्या थरांत पाणी जाऊ द्यायचे नाही, हे ते काम. म्हणूनच रस्ता मध्यभागी किंचित उंच ठेवतात. सात मीटर रुंदीच्या डांबरी रस्त्याचा मध्य कडेपेक्षा साधारण सात ते नऊ सेंटिमीटर उंच असावा लागतो. पडलेले पाणी वाहून कडेला जावे आणि कडेच्या गटारातून पुढे जावे, असा हा साधा हिशेब. गटार तुंबले, किंवा कडेची साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच झाली, की तोच रस्ता ताटासारखा पाणी धरून बसतो. घराच्या छपरावर तळे साचले तर घराचे काय होईल?

आणखी एक गंमत कळली. आपण ज्याला सरसकट डांबर म्हणतो, त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कपाटात कपड्यांसाठी ठेवायच्या डांबराच्या गोळ्या दगडी कोळशाच्या डांबरापासून आल्या. रस्त्यावरचे आजचे डांबर हे खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून उरणारे बिट्युमेन. ते उन्हाने मऊ होते, थंडीने कडक होते आणि वर्षानुवर्षे हवा आणि ऊन खाऊन म्हातारे, ठिसूळ होते. त्यालाही वय असते. हे वय ओळखायची खूण म्हणजे रंग. नवा रस्ता काळाभोर असतो, जुना राखाडी होत जातो.

आता रस्त्याच्या दुखण्यांकडे वळू. आपण सगळ्यांना खड्डाच म्हणतो. डॉक्टरने प्रत्येक रोग्याला ‘बरे नाही’ एवढेच निदान द्यावे, तसे हे झाले. इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने डांबरी रस्त्यांच्या देखभालीसाठी १९८२ साली एक संहिता काढली, २०१५ साली ती सुधारली. तिच्यात या दुखण्यांची रीतसर वर्गवारी आहे. म्हणजे ज्ञान नाही, अशी आपली तक्रार असू शकत नाही.

पहिले दुखणे भेगांचे. आमच्या कोपऱ्यावरच्या चौकात रस्त्यावर बारीक चौकटींचे जाळे दिसत होते. त्यावरून मी शेकडो वेळा गेलो असेन. कधी लक्ष गेले नाही. अभियंते म्हणाले, ‘‘ही मगरीची पाठ.’’ इंजिनिअर लोक खरोखरच या भेगांना मगरीच्या कातडीचे नाव देतात. चाक वरून जाते तेव्हा रस्ता केसभर वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. वाकताना डांबरी थराच्या तळाशी ताण पडतो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसा हा थर लाखो वेळा वाकून तळाशी तडकतो. ती तडक हळूहळू वर येते. म्हणजे आपल्याला भेग दिसते तेव्हा दुखणे आत मुरून झालेले असते. कारण दोनपैकी एक. एक तर रस्ता जेवढ्या भारासाठी बांधला त्याहून भार वाढला, नाहीतर खालचे थर पाण्याने पोचट झाले. अशा जागी वरून डांबराचा हात फिरवणे म्हणजे हाड मोडलेल्या हाताला मलम चोळणे. मनगट मोडल्यामुळे हा दृष्टान्त आमच्या घरात लगेच पटला.

दुसरी भेग रस्त्याच्या कडेने लांबच लांब जाते. विदर्भ, मराठवाडा, खानदेश, सोलापूर या बाजूला ज्यांचे गाव असेल, त्यांनी ती पाहिलेली असणार. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. वैशाखात शेताला पडणाऱ्या भेगांत हात जाईल एवढी ती फाटते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. रस्त्याच्या मध्याखालची माती त्यामानाने झाकलेली असते. कडेची माती दर वर्षी भिजते आणि सुकते. मग कड खाली-वर होते आणि रस्ता कडेने फाटतो. याला उपाय आहेत. काळी माती काढून जाड मुरूम भरावा, तिच्यात चुना मिसळून तिचा स्वभाव बदलावा, कडेला पाणी साचू देऊ नये. पण हे सारे खर्च जमिनीखाली जातात. उद्‌घाटनाच्या फितीला ते दिसत नाहीत.

तिसरी भेग मोठी लबाड. जुन्या भेगाळलेल्या रस्त्यावर नवा थर चढवला की वर्ष-दोन वर्षांत खालच्याच भेगा वरच्या थरात, त्याच जागी, छापल्यासारख्या उमटतात. आपण म्हणतो, नव्या रस्त्याला इतक्यात भेगा? नव्या नव्हेत त्या, जुन्याच आहेत. शिवाय थरावर थर चढवून रस्ता दरवर्षी उंच होतो. दुकानांचे उंबरे खाली जातात, पावसाचे पाणी जिन्यात शिरते आणि रस्त्यातली मॅनहोलची झाकणे विहिरीच्या तळासारखी खोल दिसू लागतात. जुना थर यंत्राने खरवडून काढावा आणि मगच नवा घालावा, ही खरी रीत.

भेगांनंतर चाकोऱ्या. हा शब्द मराठीत किती जुना आणि किती नेमका आहे! बैलगाडीच्या चाकांनी मातीत पडणारी वाट ती चाकोरी. डांबरी रस्त्यावरही जड वाहने एकाच रेषेतून जाऊन जाऊन अशा चाकोऱ्या पडतात. कधी खालची जमीन दबते म्हणून, तर कधी वरचे मिश्रणच मऊ पडले म्हणून. बसथांब्यापाशी किंवा सिग्नलला बघा, तिथे रस्त्यावर लाटा उठलेल्या दिसतील. बस ब्रेक लावते तेव्हा चाक रस्त्याला पुढे ढकलते, सुटते तेव्हा मागे ढकलते. एप्रिल-मेच्या उन्हात मऊ झालेले डांबर या ढकलाढकलीत सरकते आणि त्याची चुणी पडते. त्यात इंजिनातून ठिबकणारे डिझेल आणि तेल. ते तर डांबराला विरघळवतेच. पावसात या चाकोऱ्यांत पाणी उभे राहते आणि दुचाकी त्यात सापडली की हँडल आपल्या हाती राहत नाही.

तिसरे दुखणे खडी उखडण्याचे. नवा रस्ता झाल्यावर सहा महिन्यांत कडेला बारीक खडीचे ढीग जमतात, वळणावर स्कूटर घसरते, ते हे. डांबर म्हणजे खडीला खडीशी बांधणारा गोंद. तो कमी पडला, फार तापवून जाळला, खडी धुळीने माखलेली किंवा ओली होती, तर गोंद धरत नाही. इथे पाण्याची एक खोडी आहे. दगडाला डांबरापेक्षा पाण्याची ओढ अधिक. संधी मिळाली की पाणी दगड आणि डांबर यांच्यामध्ये शिरते आणि डांबर सोलून काढते. आपला काळा पाषाण, ज्याला बेसॉल्ट म्हणतात, तो डांबराशी त्यामानाने बरे नाते ठेवतो; ग्रॅनाइटसारखे दगड अधिक लवकर सोडून देतात. म्हणजे महाराष्ट्राच्या बहुतेक भागात निसर्गाने दगड चांगला दिला आहे. धूळ आपली आहे.

याच्या उलट दुखणे डांबर जास्त झाल्याचे. मे महिन्यात रस्त्याला घाम फुटल्यासारखे डांबर वर येते आणि चपला चिकटतात. थंडीत ते परत आत जात नाही. वर तेलकट, गुळगुळीत थर राहतो आणि पहिल्या पावसात त्यावर चाक ठरत नाही. कमी डांबर वाईट म्हणून जास्त डांबर चांगले, असे नसते. भाजीतल्या तेलासारखे ते बेताचे असावे लागते. दाट मिश्रणाच्या नमुन्यात हवेची पोकळी तीन ते पाच टक्के राहावी, असे मोजमाप असते. पोकळी वाढली तर पाणी शिरते, फार घटली तर उन्हात फुगलेल्या डांबराला जागा उरत नाही.

मिश्रण बरोबर असले तरी दबाई राहतेच. दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेले मिश्रण ट्रकमधून येते, यंत्राने पसरले जाते आणि ते शंभर अंशांच्या खाली उतरण्याआधी रोलरने दाबून पुरे करावे लागते. ट्रक वाहतुकीत अडकला, रोलर उशिरा आला, वरून पाऊस लागला, की मिश्रण गार होते. मग रोलर कितीही फिरवा, आत पोकळी राहतेच. दिसायला मात्र रस्ता तितकाच काळा दिसतो. फरक पुढच्या पावसाळ्यात कळतो.

चौथे दुखणे आपल्या शहरांचे खास. रस्ता होतो आणि महिनाभरात कुणीतरी चर खणतो. पाण्याची नळी, वीज, टेलिफोन, गॅस, आता इंटरनेटची केबल. चर बुजवताना माती थराथराने घालून प्रत्येक थर दाबावा लागतो. प्रत्यक्षात खणलेली माती एकदम लोटतात आणि वर खडीची टोपली ओततात. माती पुढचे वर्षभर खाली बसत राहते आणि चराचा खळगा होतो. शिवाय त्याच्या दोन्ही कडा उघड्या राहतात. पाण्याला आयतेच दार मिळते.

एवढी सगळी दुखणी झाल्यावर शेवटी येतो तो खड्डा. भेगेतून पाणी आत गेले, खालच्या थरात साचले. वरून चाक आले की त्या कोंडलेल्या पाण्यावर दाब पडतो. ते पिचकारीसारखे भेगांतून उसळते आणि येताना आतली बारीक माती घेऊन येते. रस्त्याच्या भेगांभोवती मातकट डाग दिसले, तर आत हे चालले आहे असे समजावे. हजार चाकांनंतर आत पोकळी होते, मगरीच्या पाठीचा एक खवला सुटतो, मग त्याच्या शेजारचा. तेव्हा आपण म्हणतो, ‘‘काल तर नव्हता!’’ काल खड्डा नव्हता हे खरे. पण त्याची तयारी दोन वर्षे चालली होती आणि ती सर्वांच्या डोळ्यांदेखत चालली होती.

आता हिशेबाचा भाग, कारण जुनी सवय जात नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यात ऑटवा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांची एक प्रचंड चाचणी झाली. मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर वेगवेगळ्या भाराच्या मालमोटारी दोन वर्षे फिरवल्या आणि रस्ते कसे मोडतात ते मोजले. त्यातून निघालेला आडाखा आजही जगभर वापरतात. एका आसावरचा भार दुप्पट झाला, तर रस्त्याचे नुकसान दुप्पट होत नाही, सुमारे सोळापट होते. साधी मोटार एक टनाची धरली, तर एका आसावर अर्धा टन. दहा टनांच्या आसाचा भार त्याच्या वीसपट. नुकसान मात्र वीसच्या चौथ्या घाताइतके, म्हणजे एक लाख साठ हजार पट. आपल्याकडे चार चाकांच्या एका आसाला १०.२ टनांची मर्यादा होती. २०१८ साली ती ११.५ टन झाली. वजनात वाढ जेमतेम तेरा टक्क्यांची. याच आडाख्याने रस्त्यावरची झीज सुमारे १.६ पट. आणि मर्यादेबाहेर भरलेल्या मालमोटारींचे तर बोलायलाच नको. हे ओझे चालक हौसेने नेत नाही. दर खेपेचा भाव असा पडतो की जास्त भरल्याशिवाय परवडत नाही. माल स्वस्त पोचल्याचे समाधान आपल्याला मिळते आणि उरलेली किंमत रस्ता मोजतो.

या हिशेबातली एक ओळ मला झोपू देत नाही. सायकल, स्कूटर, मोटारसायकल यांनी रस्त्याचे जवळजवळ काहीच बिघडत नाही. खड्ड्यात पडून मरतात मात्र मुख्यतः हीच माणसे. २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत खड्ड्यांमुळे झालेल्या अपघातांत देशात १४,९२६ माणसे गेली. २०१८ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा आकडा पुढे ठेवून, हे सहन करता येण्याजोगे नाही, असे सुनावले. ही सारी कुणाच्या तरी घरची माणसे होती. कामावरून घरी निघालेली, मागे मूल बसलेली, पिशवीत भाजी असलेली. आमच्या मागून त्या दिवशी बस आली असती, तर या आकड्यांच्या जातीच्या एखाद्या तक्त्यात आम्हीही असतो.

मग चांगला रस्ता आपल्याला बांधताच येत नाही का? पुणेकरांना हा प्रश्न विचारायची सोय नाही, कारण त्यांच्याकडे जंगली महाराज रस्ता आहे. १९७३ च्या पावसाळ्यात पुण्याच्या रस्त्यांची चाळण झाली. त्यानंतर महापालिकेने मुंबईच्या रेकॉन्डो या, दोघा पारशी बंधूंच्या कंपनीला हा रस्ता करायला दिला. १९७६ च्या जानेवारीत तो खुला झाला. कंपनीने दहा वर्षांची हमी लिहून दिली होती. दहा वर्षे झाली, वीस झाली, रस्ता पावसाळ्यामागून पावसाळे खड्ड्यांवाचून काढत राहिला आणि त्याची कथा झाली. त्यात जादू नव्हती. गरम मिश्रण, योग्य दबाई, पाण्याचा निचरा आणि ‘बिघडला तर आम्ही आमच्या खर्चाने दुरुस्त करू’ असा लेखी शब्द. तोच पाऊस, तोच दगड, तेच डांबर. म्हणून पाऊस फार झाला, हे उत्तर मी आता ऐकून घेत नाही.

हमीचा विषय निघाला म्हणून बँकेतली एक गोष्ट सांगतो. कंत्राटदाराला काम मिळाले की तो बँकेकडून हमीपत्र घेऊन सरकारी कार्यालयात ठेवतो. काम बिघडले आणि त्याने दुरुस्त केले नाही, तर त्या कार्यालयाने बँकेला एक पत्र लिहायचे. बँक वाद न घालता पैसे देते. इतके ते सोपे हत्यार आहे. पण त्याला मुदत असते. मुदतीत दावा आला नाही, की बँकेची जबाबदारी संपली. अशी किती हमीपत्रे माझ्या सहीने गेली असतील! मुदत संपायची, मूळ कागद परत यायचा, आम्ही रजिस्टरात लाल शाईने रेघ मारायचो आणि कंत्राटदाराची अडकवलेली रक्कम मोकळी करायचो. रस्त्याच्या कामाच्या हमीवर दावा आल्याचे मी माझ्या टेबलावर एकदाही पाहिले नाही. तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नाही. उलट खाते स्वच्छ आहे, असेच वाटत असे. बँकेचे खाते स्वच्छ होते, याबद्दल वाद नाही. पण ज्या रस्त्यांसाठी ते कागद होते, ते पाहायला मी कधी गेलो नाही. आणि ज्यांनी जायला हवे होते ते तरी गेले होते का, हा प्रश्न निवृत्तीनंतर मला पडला.

अलीकडे न्यायालयांनी थोडी पावले उचलली आहेत. खड्डेमुक्त, धड रस्ते मिळणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली म्हटले. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास सहा लाख रुपये भरपाई द्यावी आणि ती जबाबदार असणाऱ्यांकडून वसूल करावी, असा आदेश दिला. भरपाई हवीच. पण माणूस गेल्यावरची भरपाई म्हणजे खाते बुडाल्यावरची वसुली. बँकेत आम्हाला शिकवत, वसुलीपेक्षा देखरेख स्वस्त पडते.

काही लोक म्हणतात, सगळे रस्ते सिमेंटचे करून टाका. मुंबईने २०२३ पासून तोच मार्ग मोठ्या प्रमाणावर धरला. सिमेंटचा रस्ता नीट झाला तर दीर्घायुषी असतो, यात शंका नाही. पण त्याच्याखालीही जमीनच असते, पाणीही असते आणि त्यालाही उद्या कुणी चर खणणारच. बांधणाऱ्याची आणि सांभाळणाऱ्याची सवय तीच राहिली, तर साहित्य बदलून काय साधणार?

सवय बदलायची म्हणजे काय, हे अभियंत्यांनी सांगितले ते इतके घरगुती आहे की ते सांगताना संकोच वाटतो. पावसाळ्याआधी आपण कौले चाळतो, गच्चीच्या भेगा भरतो, पन्हाळी साफ करतो. रस्त्याचेही तेच. मे महिन्यात बारीक भेगा भरून घ्याव्यात, गटारे उपसावीत, साइडपट्ट्या छाटाव्यात. मगरीची पाठ दिसेल तिथे तेवढा तुकडा तळापर्यंत काढून पुन्हा बांधावा. खड्डा पडलाच, तर त्याच्या कडा चौकोनी, उभ्या कापाव्यात, आत कोरडे आणि स्वच्छ करावे, डांबराचा हात द्यावा, थराथराने मिश्रण भरून दाबावे आणि कडा बंद कराव्यात. पाण्यात खडी ओतून वरून फावड्याने थोपटणे याला बुजवणे म्हणत नाहीत. भेगा भरण्याचा खर्च नव्या रस्त्याच्या मानाने अगदी किरकोळ. पण भेगा भरल्याचे उद्‌घाटन होत नाही, फलक लागत नाही. देखभालीला मत मिळत नाही, कारण आपण ते देत नाही.

भारतातल्या रस्त्यांचा पहिला सर्वंकष विचार ज्या समितीने केला, तिचे अध्यक्ष मराठी गृहस्थ होते, बॅ. मुकुंदराव जयकर. १९२७ साली ही समिती नेमली गेली. पेट्रोलवर जादा कर बसवून तो पैसा रस्त्यांसाठी वेगळा ठेवावा, ही तिची शिफारस. पुढे १९२९ साली तसा निधी झाला आणि १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेसही त्याच विचारातून उभी राहिली. रस्ता वापरणाऱ्याने पैसे द्यायचे आणि त्याला रस्ता मिळायचा, असा हा करार. आपण आपली बाजू पेट्रोलच्या प्रत्येक लिटरमागे पाळत आलो आहोत. दुसरी बाजू मागायला मात्र आपण पावसाळ्यातच जागे होतो.

तेव्हा वाचकांना एकच सुचवायचे आहे. या रविवारी घराबाहेर पडाल, तेव्हा आपल्या गल्लीचा रस्ता एकदा निरखून पाहा. मुलांना बरोबर घ्या, त्यांची नजर आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते. मगरीची पाठ कुठे आहे, चाकोरी कुठे, पाणी कुठे अडते, चर कुठे खचला, ते टिपून घ्या. मग कार्यालयात जाऊन खड्ड्याची तक्रार करण्याऐवजी दोन प्रश्न लेखी विचारा. हा रस्ता कधी झाला? त्याच्या हमीची मुदत कधी संपते? मुदत शिल्लक असेल, तर त्या कार्यालयाकडे हत्यार आहे. ते वापरा, एवढेच सांगायचे आहे.

परवा आम्ही दोघे भाजी घेऊन परतत होतो. पत्नी गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि म्हणाली, ‘‘अहो, इथे बघा. तुमची मगर.’’ खरोखरच हातभर जागेत जाळे पडले होते आणि भोवती मातकट डाग होता. दुसऱ्या दिवशी मी अर्ज लिहिला, तिनेही सही केली. मनगट अजून थंडीत दुखते, त्यामुळे सही जरा वाकडी आली आहे. अर्जाची पोच मिळाली आहे, रस्त्याच्या हमीची तारीख अजून कळायची आहे. मी पुढच्या सोमवारी पुन्हा जाणार आहे.